मोंगूला जायचंय? आधी पाणी विचारा, मग रस्ता

झांबियाच्या राजधानीतल्या, म्हणजे लुसाकातल्या, आमच्या मराठी मंडळींपैकी कुणाचा ना कुणाचा वर्षातून दोनदा तरी मला फोन येतो. "अगं, तू त्या मोंगूला जातेस ना सारखी? किती तास लागतात?" मी उलट विचारते, "महिना कुठला?" समोरच्याला वाटतं, हिला प्रश्न नीट ऐकू आला नाही.

ऐकू आलेला असतो. पण मोंगूच्या बाबतीत तास दुसऱ्या नंबरावर येतात. तुम्ही एप्रिलमध्ये जाणार की ऑक्टोबरमध्ये, यावर तिथे नदी कुठे असेल ते ठरतं. आणि नदी कुठे आहे यावर बाकी सगळं: गाडी कुठवर जाईल, होडी कुठून सुटेल, राजा कुठल्या वाड्यात असेल, ताटात ताजा मासा पडेल की सुका.

मी दवाखान्यांच्या प्रयोगशाळांत रक्त तपासायची यंत्रं बसवते आणि ती बिघडली की दुरुस्त करते. त्या निमित्ताने अकरा वर्षांत चौदा-पंधरा वेळा मोंगूला गेले असेन. मूळची मी चिपळूणची. म्हणजे पुराचं मला कुणी काही शिकवायला नको, असा माझा समज होता. तो पहिल्याच फेरीत उतरला, ते पुढे येईलच.

आधी गाव समजून घ्या

मोंगू ही झांबियाच्या पश्चिम प्रांताची राजधानी. जुनं नाव बारोत्सेलँड, लोझी लोकांचं राज्य. नकाशात गाव झांबेझीच्या काठावर दिसतं, आणि ऑक्टोबरमध्ये तिथे पोचलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "नदी कुठाय?" गाव एका बुटक्या वाळूच्या कड्यावर बसलंय. कड्याच्या पश्चिम टोकाला उभं राहिलं की खाली नुसतं गवताळ मैदान. गुरं चरताहेत, लांब कुठेतरी धूर, मधूनच एखादं डबकं चमकतंय. खरा प्रवाह तिथून पंधरा किलोमीटरच्या आसपास पलीकडे, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

त्याच जागी एप्रिलमध्ये उभ्या राहा. कड्याच्या पायथ्याशी पाणी, आणि क्षितिजापर्यंत पाणी.

हे बारोत्सेचं पूरमैदान. उत्तर-दक्षिण दोनशेहून जास्त किलोमीटर लांब आणि बहुतेक ठिकाणी तीस किलोमीटरहून रुंद. झांबेझी उगम पावते झांबियाच्या वायव्य कोपऱ्यात, मग अंगोलातून वळसा घालून परत झांबियात येते. तिकडच्या उंच भागात डिसेंबर ते फेब्रुवारी पडलेला पाऊस खाली यायला वेळ घेतो, कारण जमीन इतकी सपाट आहे की पाण्याला घाईच नाही. त्यामुळे मोंगूचा स्वतःचा पाऊस संपत आलेला असतो, आभाळ निळंशार, आणि पाणी चढतच असतं. पाऊस तरी किती? चिपळूणला एका जुलैत पडतो तेवढा इथे अख्ख्या वर्षात.

आमची वाशिष्ठी नदी तासाभरात अंगावर येते. २२ जुलै २०२१ ला माझ्या माहेरी पहाटे अंगणात असलेलं पाणी सकाळी माळ्याच्या जिन्यावर होतं. मोंगूचं पाणी बोटाबोटाने चढतं. मोंगूच्या मुलाम्बा बंदरावर एका होडीवाल्याने काठावरच्या चिखलात खाचा पाडलेली काठी रोवून ठेवलेली मी पाहिली. रोज सकाळी तो बघायचा आणि सांगायचा, "काल इथे, आज इथे." दोन खाचांत माझं करंगळीचं नखही मावलं नसतं. मैदानातल्या लोकांची घरं उंचवट्यांवर असतात. पाणी फार चढलं की ते गुराढोरांसकट काठावर येतात आणि ओसरलं की परत जातात. मागे राहिलेल्या गाळात गवत आणि पिकं जोमाने येतात. पूर आला नाही तर इथले लोक चिंतेत पडतात, हे पचायला मला बराच वेळ लागला.

महिना कसा निवडावा

पाणी बघायचंय, होडीत बसायचंय, तर मार्च-एप्रिल. मे-जूनमध्ये पाणी उतरायला लागतं, हवा सुंदर असते, डासही कमी होत जातात. माझा आवडता काळ हाच. जुलैत रात्री चक्क स्वेटर लागतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऊन नुसतं भाजून काढतं, पण मैदानातल्या गावांपर्यंत गाडी जाते, म्हणून माझी यंत्रांची कामं मी तेव्हाच उरकते. नोव्हेंबरपासून पाऊस आणि आंबे एकदमच सुरू होतात. हो, मोंगूला आंबे आहेत, काजूही आहेत, आणि भातही. कोकणातल्या बाईला आणखी काय पाहिजे? (हापूस नाही. अपेक्षा ठेवू नका.)

मासे खायला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: १ डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत झांबियात मासेमारीला बंदी असते, विणीचा हंगाम म्हणून. आपल्याकडे पावसाळ्यात असते तशीच. त्या दिवसांत "ताजा आहे" असं कुणी सांगितलं तर हसून पुढे चालू लागा.

लुसाकाहून मोंगू

अंतर सुमारे सहाशे किलोमीटर, रस्ता एकच: मुम्ब्वा, काफुए अभयारण्य, काओमा, मोंगू. विमानतळ आहे, पण त्याच्या भरवशावर बेत आखू नका. विमान मिळालंच तर नशीब म्हणायचं.

बस इंटरसिटी टर्मिनसवरून सुटते. तिकीट आदल्या दिवशी जाऊन काढा. कॉलबॉय तुमची बॅग ओढून स्वतःच्या बसकडे पळायला बघतील. बॅग छातीशी धरा आणि कुणाशीही वाद न घालता थेट खिडकीवर जा. पहाटे पाचची बस घ्या. सार्वजनिक गाड्यांना रात्री नऊ ते पहाटे पाच रस्त्यावर मनाई आहे, त्यामुळे उशिराची बस वाटेत रखडली तर तुम्हीही रखडलात. पाचची बस सगळं नीट झालं तर दुपारी दोन-तीनपर्यंत मोंगूला टेकते. मी घरी नेहमी "संध्याकाळी पोचेन" असं सांगून निघते, म्हणजे कुणी काळजी करत बसत नाही.

जागा डाव्या हाताची मागा. आपल्याला भारतात ऊन दक्षिणेकडून यायची सवय. इथे आपण विषुववृत्ताच्या खाली आहोत, मे ते ऑगस्ट सूर्य उत्तरेकडून जातो आणि बस पश्चिमेला चाललेली असते. म्हणजे उजव्या खिडकीतला माणूस दिवसभर शेकतो. पहिल्या दोन फेऱ्या मी आपल्याकडचं गणित लावून उजवीकडे बसले होते. येताना अर्थातच उलट, उजवीकडे बसा.

मुम्ब्वा दीडशे किलोमीटरवर. बस थांबली की खिडकीशी उकडलेली अंडी, केळी, भाजलेली रताळी, शेंगा येतात. शाकाहारी माणसाने इथेच पोट भरून घ्यावं. त्यानंतर अभयारण्य लागतं आणि रस्ता त्याच्या पोटातूनच जातो. काफुए नदीवरचा पूल ओलांडताना उठून खाली बघा, पाणघोडे दिसायची शक्यता असते. रस्त्यावर हत्ती येतात. बसवाला थांबतो, कुणी ओरडत नाही. स्वतःच्या गाडीने जात असाल तर हा पट्टा उजेडात पार झालाच पाहिजे, यात तडजोड नाही.

अभयारण्यात त्सेत्से माशी आहे. चावली की सुई टोचल्यासारखं होतं आणि कपड्यावरूनही चावते. तिला गडद निळा आणि काळा रंग खुणावतो. मी एकदा नेव्ही ब्लू कुर्ता घालून गेले होते, माझ्या शेजारचे पांढऱ्या शर्टातले आजोबा निवांत झोपले होते. फिकट, खाकी, मळकट रंग घाला. वाटेत तपासणी नाक्यावर माणूस येऊन गाडीत माश्या आहेत का बघतो, फवारा मारतो. त्याला घाई करू नका.

काओमा सुमारे चारशे किलोमीटरवर. गाडीने जाणाऱ्यांनी टाकी इथे काठोकाठ भरून घ्यावी, मोंगूला पंप असले तरी. काओमानंतर जमीन बदलते. माती जाऊन वाळू येते, कालाहारीची बारीक, पांढरट वाळू. मोंगूत डांबर सोडून दहा पावलं गेलात की चप्पल भरते. चाकाची बॅग विसरा, पाठीवरचीच घ्या. माझ्या एका सहकाऱ्याची महागडी बॅग बसस्टँड ते गेस्टहाऊस एवढ्याच अंतरात एका चाकाला मुकली.

पोचल्यावर

गेस्टहाऊस पुष्कळ आहेत, साधी आणि स्वच्छ. दोनच प्रश्न विचारून खोली घ्या: मच्छरदाणी आहे का, आणि पाण्याची टाकी आहे का. वीज जाते. २०२४ च्या दुष्काळात करीबा धरणाची पातळी तळाला गेली तेव्हा तर अख्खा देशच अंधारात होता. पॉवर बँक आणि बॅटरी बरोबर ठेवा. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करा; हा सल्ला गमतीचा नाही, मी प्रयोगशाळेतल्या काचपट्ट्या बघते.

पैसे सुट्या नोटांत ठेवा. बँका आणि एटीएम मोंगूत आहेत, पलीकडच्या गावांत त्यांच्यावर विसंबू नका. फोनवरून पैसे द्यायची सोय मात्र होडीवाल्याकडेही आहे. आपल्या ओळखीचं एअरटेल इथेही चालतं.

आता बोलण्याचं. लोझी माणसाला थेट प्रश्न विचारणं म्हणजे उंबऱ्यावरूनच ओरडल्यासारखं. आधी "लुमेला" म्हणायचं, थोडं वाकायचं, दोन्ही तळवे हलकेच दोन-तीनदा एकमेकांवर वाजवायचे. टाळी नव्हे, आपण देवापुढे आरती संपल्यावर हात जोडता जोडता करतो तसा आवाज. मग तब्येत, मग घरचे, आणि मग "कालाबोची गाडी कुठे लागते?" वयस्क पुरुषाला "न्दाते" म्हणजे वडील, बाईला "मा". मी चाळिशी ओलांडल्यावर मलाही "बो मा" म्हणू लागले, आणि त्या दिवसापासून माझी कामं लवकर व्हायला लागली. आभार मानायला "नितुमेझी". एवढे शब्द आले की बाकी इंग्रजीत भागतं.

एक विषय मात्र आपण होऊन काढू नका. १९६४ साली झांबिया स्वतंत्र होण्याआधी बारोत्सेलँडबरोबर करार झाला होता, त्याचं पुढे काय झालं यावर इथे माणसं अजून तापतात. त्यांनी काढला तर ऐका. चहा गार होईपर्यंत ऐकावं लागेल.

मैदानात शिरताना

आता माझी पहिली फेरी. मार्च महिना. मैदानातल्या एका छोट्या दवाखान्यात सेंट्रिफ्यूज (रक्त गरगर फिरवून त्यातले घटक वेगळे करायचं यंत्र) पोचवायचा होता. कार्यालयातून सांगितलं, "रस्ता आहे, फोनच्या नकाशात बघ." नकाशात होताही, वीस-बावीस किलोमीटरची स्वच्छ रेघ. मोंगूहून निघालो, वाळू संपली, गवत सुरू झालं आणि गवतातून रस्ता सरळ पाण्यात उतरला. कुंपणाच्या खांबांची फक्त टोकं वर होती. ड्रायव्हर न्दाते शांतपणे म्हणाले, "मॅडम, रस्ता खाली आहे. जुलैत वर येईल."

शेवटी मुलाम्बा बंदरावर परत आलो. गावाच्या पायथ्याशी, जिथून कालवा मैदानात जातो, ते हे बंदर. तिथे इंजिनाची होडी मिळाली. तीन तास लव्हाळ्यांतून गेलो. मी फोन काढून बघितला तर आमचा निळा ठिपका नेमका त्या रेघेवरून चालला होता. होडी रस्त्यावरूनच चालली होती, फक्त दीड पुरुष वरून. खोकं मी मांडीवर घेतलं होतं तरी खालचा पुठ्ठा भिजला आणि यंत्राच्या मोटरीत पाणी गेलं. दवाखान्यातल्या सिस्टरने ते तीन दिवस उन्हात ठेवलं. चाललं नाही.

तेव्हापासूनचे माझे नियम सांगते. मैदानातल्या कुठल्याही वाटेविषयी नकाशाला विचारू नका. मुलाम्बाला जाऊन होडीवाल्यांना विचारा, आणि एकाला नाही, तिघांना. तिघांची उत्तरं जुळली तर निघा. होडी सकाळीच घ्या, दुपारनंतर वारा सुटतो आणि उघड्या पाण्यावर लाटा उठतात. सामान आधी प्लास्टिकच्या पिंपात, मग होडीत. लाइफ जॅकेट स्वतःचं न्या. मी घरून नेते, लोक हसतात, हसू देत. लाकूड कोरून केलेली होडी, मुकोलो, दिसायला फार सुरेख असते, पण सवय नसेल तर तिच्यात उभं राहू नका आणि मागे वळून फोटोही काढू नका. मगरी आणि पाणघोडे या पाण्यात आहेत. आणि कितीही उकडलं तरी साचलेल्या उथळ पाण्यात पाय सोडून बसू नका: तिथल्या गोगलगायींमुळे बिल्हार्झिया होतो, रोग कातडीतून आत शिरतो, आणि त्याचे नमुने पुन्हा माझ्यासारखीच्याच यंत्रावर येतात.

नदीने खाली समुद्रापर्यंत का जात नाहीत, असं माझ्या भाच्याने विचारलं होतं. प्रश्न चांगला आहे. १८५० च्या दशकात डेव्हिड लिव्हिंगस्टन हा प्रवासीही इथे जलमार्गाची स्वप्नं घेऊनच फिरत होता. पण मैदान संपलं की सिओमाला न्गोन्ये धबधबा आहे, त्याच्याखाली तीनेकशे किलोमीटरवर व्हिक्टोरिया, आणि पुढे आणखी खडक. त्यामुळे होडीचं राज्य या मैदानापुरतंच. लोझी लोक नदीला झांबेझी म्हणत नाहीत, लिआम्बाई म्हणतात. राजा लेवानिकाने, ज्याची कारकीर्द १८७८ ते १९१६ अशी झाली, या मैदानात बरेच कालवे खणवून घेतले. नदीपासून दूर असलेल्या गावांना तेच रस्ते होते.

पुलांचा रस्ता: कालाबो आणि लिउवा

२०१६ साली मोंगू-कालाबो रस्ता पुरा झाला आणि निदान एका दिशेपुरता माझा महिन्याचा प्रश्न बाद झाला. मैदानावरून चौतीस किलोमीटरचा उंच भराव आणि त्यात सव्वीस पूल. पूल एवढे का? भराव सलग घातला असता तर मैदानाला बांध पडला असता. पाण्याला आरपार जायला दारं ठेवावी लागली. याआधीचा प्रयत्न पुराने हाणून पाडला होता. त्या काळी मधला प्रवाह तराफ्यावरून ओलांडायचा आणि पुराच्या महिन्यांत अख्खा प्रवास होडीने. जुने लोक त्या दिवसांविषयी आपल्याकडचे लोक दाभोळच्या फेरीबोटीआधीच्या दिवसांविषयी बोलतात तसं बोलतात, म्हणजे शिव्या देत आणि थोडं हळहळत.

मोंगूत एकच दिवस असेल तर मी सांगेन, शेअर टॅक्सीने या रस्त्यावर जा आणि मधल्या मोठ्या पुलापाशी उतरून चाला. एप्रिलमध्ये दोन्ही बाजूंना पाणी, कठड्याशी गळ टाकून बसलेली पोरं, टोपलीत अजून तडफडणारे मासे. ऑक्टोबरमध्ये त्याच पुलाखाली गुरं सावलीला बसलेली. परतीची टॅक्सी मिळेल की नाही, हे उतरायच्या आधी विचारून घ्या.

कालाबोच्या पुढे लिउवा मैदानाचं राष्ट्रीय उद्यान. ग्नू हरणांच्या स्थलांतरासाठी ते प्रसिद्ध आहे. पाऊस सुरू होताच, नोव्हेंबरच्या सुमाराला, हजारोंनी कळप येतात. एकोणिसाव्या शतकात लेवानिकाने हे रान राखून ठेवलं आणि तिथल्या लोकांनाच राखणदार नेमलं. गावं आजही उद्यानात आहेत. २००३ पासून आफ्रिकन पार्क्स ही संस्था कारभार बघते. आधी नोंदणी केल्याशिवाय जाऊ नका. कालाबोला लुआंगिंगा नदी दोराने ओढायच्या तराफ्यावरून ओलांडायची, आणि पलीकडे निव्वळ वाळू. तिथे फोर व्हील ड्राइव्ह गाडीच लागते आणि शक्यतो दोन गाड्या. टायरची हवा पस्तीसवरून अठरा-वीसपर्यंत उतरवा, परतताना भरायला पंप ठेवा. वाळूत ब्रेक मारून थांबू नका, वेग सोडून गाडीला आपोआप थांबू द्या. कोरड्या दिवसांत गवताचं बी रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसतं आणि इंजिन तापतं. गाडीखाली अडकलेल्या गवताने पेट घेतल्याचीही उदाहरणं आहेत. आमचे न्दाते पुढच्या जाळीला मच्छरदाणीचा तुकडा बांधतात आणि तासातासाने उतरून झाडतात. डिझेल कालाबोच्या पुढे नाही. पूर चढलेला असताना तिकडे जायचा विचारही करू नका.

राजाची होडी बघायची असेल तर

लोझी राजाला लितुंगा म्हणतात. त्याचे दोन वाडे. कोरड्या दिवसांतला लेआलुईला, मैदानाच्या मध्ये. पुरातला लिमुलुंगाला, मोंगूच्या उत्तरेला पंधरा किलोमीटरवर, उंचावर. पाणी चढलं की राजा होडीने पहिल्या वाड्यातून दुसऱ्यात येतो, तो सोहळा म्हणजे कुओम्बोका. शब्दाचा अर्थच 'पाण्यातून बाहेर येणं'. लिमुलुंगाला यायची रीत १९३३ पासूनची, 'येता तिसरा' या नावाच्या राजाने सुरू केलेली. सोहळा त्याहून जुना.

तारीख? मार्च-एप्रिल, एवढंच. पाण्याची पातळी आणि चंद्र बघून वाडा ठरवतो आणि थोडेच दिवस आधी जाहीर करतो. पाणी पुरेसं चढलं नाही तर त्या वर्षी सोहळाच होत नाही. म्हणून मुंबईहून सहा महिने आधी तिकीट काढून या सोहळ्याला येऊ नका. लुसाकात किंवा लिव्हिंगस्टन शहरात असाल, बॅग भरून तयार असाल, तरच जमतं. तारीख कळल्या क्षणी गेस्टहाऊसला फोन करा, बसचं तिकीट नंतर. खोल्या आधी संपतात.

आदल्या संध्याकाळी मोठे राजनगारे वाजतात, त्यांना माओमा म्हणतात. दुसऱ्या दिवशी लिमुलुंगाच्या धक्क्यावर दुपारी बारापूर्वी जागा धरा, छत्री आणि पाणी घेऊन. वल्हवण्याचा प्रवास सहा-सात तासांचा, होडी येते संध्याकाळकडे. नालिक्वांडा तिचं नाव. काळे-पांढरे पट्टे, वर छपरावर भलामोठा हत्ती, आणि आत बसलेली माणसं त्याचे कान हलवतात. राणीच्या होडीवर बगळ्यासारखा पक्षी, त्याचे पंख हलतात. शंभराच्या आसपास वल्हेकरी, लाल टोप्या, आणि सगळी वल्ही एकदम पाण्यात. दुरून आधी आवाज येतो, मग हत्तीचे कान, मग बाकीचं. राजा उतरतो तेव्हा अंगावर इंग्रज आरमारी अधिकाऱ्याचा गणवेश असतो. लेवानिका १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला लंडनला गेला होता, तेव्हापासूनचा हा पोशाख. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला आपल्या संस्थानिकांचे दरबारी फोटो आठवले.

वाड्याच्या आवारात बायकांनी चितेंगे गुंडाळूनच जायचं. बाजारात दोन वार कापड मिळतं, लुंगीसारखं पॅंटवरून नेसलं तरी चालतं. पुरुषांनी टोपी काढायची. फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. इतर दिवशी लेआलुई बघायचं असेल तर आधी दरबारातल्या इंदुनांकडून, म्हणजे राजाच्या सल्लागारांकडून, परवानगी घ्यायची; कोरड्या दिवसांत कालाबोच्या रस्त्याने जवळ जाता येतं, पुरात होडीने. परतीचा सोहळा, कुफुलुहेला, जुलै-ऑगस्टच्या सुमाराला. त्याला गर्दी खूप कमी, आणि खरं सांगायचं तर बघायला तो मला जास्त आवडला.

दक्षिणेकडून बाहेर

आल्या वाटेने परत जायचं नसेल तर सेनांगामार्गे उतरा. सेनांगा शंभरेक किलोमीटर, डांबरी. पुढे सिओमाला २०१६ चा पूल आहे. आधी इथेही तराफा होता. न्गोन्येला अर्धा दिवस द्या, काळ्या बसाल्टवरून अख्खी झांबेझी अर्धगोलात पडते आणि बघायला जेमतेम दहा माणसं. तिथून सेशेके. २००४ च्या पुलावरून नामिबियातलं कातिमा मुलिलो, नाहीतर झांबियातूनच लिव्हिंगस्टन. सेशेके-लिव्हिंगस्टन पट्ट्यात खड्ड्यांनी आमच्या गाडीचे दोन टायर एकाच दिवसात खाल्ले होते. रस्त्याची सध्याची अवस्था सेशेकेच्या ट्रकवाल्यांना विचारा, त्यांच्याइतकं खरं कुणी सांगत नाही.

परत लुसाकालाच जाणार असाल तर निघायच्या आदल्या दुपारी बाजारात जा. मोंगूचा तांदूळ डब्याच्या मापाने मिळतो, शिजताना वास घरभर पसरतो. आंबेमोहराची आठवण येते पण चव त्याची स्वतःची. खडे असतात, निवडून घ्यावा लागतो. माकेंगे नावाच्या झुडपाच्या मुळांच्या टोपल्या घ्या, इतक्या घट्ट विणलेल्या की मी घरी एकीत पीठ ठेवते. सुके मासे घ्यायचे तर दोन पिशव्यांत बांधा. आणि बसमध्ये सामान चढवताना कंडक्टरला सांगा, तांदळाचं पोतं मासळीच्या पोत्यापासून लांब ठेव. मागच्या वेळी मी सांगायला विसरले, तर आमच्याकडे महिनाभर दहीभातालाही सुक्या मासळीचा वास येत होता.